नीट उतरवा

"मामू, पोरगी एकटी आहे. परभणीला तिचा चुलता उभा राहील. नीट उतरवा."

एस.टी.त कंडक्टर म्हणून मी १९८७ साली लागलो आणि २०१८ साली निवृत्त झालो. या एकतीस वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याची नोंद कुठल्याच वे-बिलावर नाही. तिकिटाचा पैसा न पैसा लिहून द्यावा लागे, पण अशी सोपवलेली माणसं कोणत्याही रकान्यात बसत नसत. कधी कॉलेजला जाणारी पोर, कधी माहेरी निघालेली लेकुरवाळी, कधी डोळ्यांनी अधू म्हातारी. सोपवणारा माणूस खिडकीपाशी उभा राहायचा. दोन घंट्या देऊन गाडी हलली तरी दोन पावलं गाडीबरोबर चालायचा. मग मी माझ्या सीटजवळची जागा त्या माणसाला करून द्यायचो आणि ठिकाण आलं की नाव घेऊन हाक मारायचो. त्याचे वेगळे पैसे नव्हते. पण एवढं केलं नाही तर नोकरी केल्यासारखं वाटायचं नाही.

आमचं हट्टा परभणी-वसमत रस्त्यावरचं गाव. तालुका वसमत, जिल्हा आता हिंगोली. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणीकर. आजूबाजूला ऊस, हळद, कापूस. गावातून बाहेर पडायचं म्हणजे एस.टी. धरायची, ती चुकली तर काळी-पिवळी, तीही नाही मिळाली तर फाट्यावर हात करून उभं राहायचं. आमच्या मुलखात मोटारबस निजामाच्या काळात आली. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेनं रस्ते वाहतुकीचं खातं काढलं तेव्हा त्यांच्याकडं सत्तावीस गाड्या होत्या. तिकडं मुंबई राज्यात पुणे-अहमदनगर ही पहिली एस.टी. १ जून १९४८ ला सुटली. आमचे आजोबा मोटारीत पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी चपला खाली काढून ठेवल्या होत्या, आणि मोटार चपलांना सोडून निघून गेली होती. घरात ही गोष्ट प्रत्येक ईदला निघते. त्या माणसाची पणती विमानानं चीनला शिकायला जाईल असं आमच्यात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

थोरली अभ्यासात हुशार होती. डॉक्टरच व्हायचं, दुसरं काही नाही, असं तिनं सातवीतच जाहीर केलं होतं. बारावीला मार्क चांगले पडले, पण सरकारी कॉलेजात नंबर लागण्याइतके नव्हते. खाजगी कॉलेजांचे आकडे ऐकून मी परभणीच्या स्टँडवर पाणी प्यायलो आणि तसाच घरी आलो. मग कोणीतरी सांगितलं की चीनला जा, तिथं एम.बी.बी.एस. इंग्रजीतून शिकवतात आणि खर्च निम्म्याहून कमी. आपल्या भागातली बरीच मुलं तेव्हा तिकडं जात होती. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. मुलगी, तीही एकटी, तीही चीनला? त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानात मौलानांनी इल्मासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा, या अर्थाची ती प्रसिद्ध हदीस सांगितली. मला वाटलं, हा इशाराच आहे. हदीसच्या जाणकारांच्या मते तिची सनद कमजोर आहे, हे मला नंतर कळलं. तोवर दोन एकर जमीन विकून झाली होती.

२०१६ च्या सप्टेंबरात ती गेली. शहराचं नाव वूहान. तेव्हा हे नाव हट्ट्यात कोणालाच माहीत नव्हतं. पोस्टातला माणूससुद्धा दोनदा विचारायचा. दलालानं सांगितलं होतं की वसतिगृहातून हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे. पोरगी तिथं गेल्यावर कळलं की पहिली दोन वर्षं पाच मिनिटं खरी, पण पुढं ज्या हॉस्पिटलात शिकायला जायचं ते नदीच्या पलीकडं, बसनं सव्वा तास.

मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कंडक्टर कैसा है? भला आदमी है ना?"

"अब्बा, यहाँ कंडक्टरच नइ रहता."

"फिर उतारता कौन?"

"खुद उतरते, अब्बा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाकी सगळ्या गोष्टींची काळजी तिच्या अम्मीनं वाटून घेतली होती. हलाल मिळतं का, थंडी किती, मैत्रिणी कोण. माझ्या वाट्याला ही एकच आली. एक कोटीच्या वर वस्तीचं शहर, रस्त्यावर हजारो बस आणि त्यातल्या एकाही बसमध्ये असा माणूस नाही की ज्याला मी म्हणू शकेन, पोरगी एकटी आहे, नीट उतरवा.

निवृत्तीचे पैसे हातात आले तसं मी ठरवलं की एकदा डोळ्यांनी पाहून यायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगमार्गे वूहानला उतरलो. ती विमानतळावर आली होती. दोन वर्षांत उंच झाल्यासारखी वाटली, पण ते चालण्यामुळं असावं. ती माझ्यापुढं चालत होती आणि तसं ती हट्ट्यात कधी चालली नव्हती.

बाहेर टॅक्सीची रांग होती. मागून कोणी पुढं घुसत नव्हतं, "कुठं जायचं, कुठं जायचं" म्हणून कोणी बॅग ओढत नव्हतं. नंबर आला की पुढची टॅक्सी आपली. ड्रायव्हरसमोर त्याचा फोटो आणि नंबर लावलेला, बाजूला चहाच्या पानांनी भरलेली काचेची बरणी. लेकीनं त्याला "शिफू" म्हणून हाक मारली. शिफू म्हणजे उस्ताद, तिनं मला सांगितलं. हे ऐकून मला बरं वाटलं. आमच्याकडंही ट्रकच्या ड्रायव्हरला उस्तादच म्हणतात. ज्या गावात ड्रायव्हरला उस्ताद म्हणायची रीत आहे ते गाव अगदीच परकं नसणार.

शिफूनं आरशात माझ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं आणि काहीतरी विचारलं. ती हसली. "तो विचारतोय, इंडिया? आमिर खान?" 'दंगल' चीनमध्ये २०१७ च्या मे महिन्यात लागला होता आणि तिथं त्यानं तुफान धंदा केला होता. तिथं त्या सिनेमाचं नाव वेगळं आहे. कुस्ती खेळू या, बाबा, अशा अर्थाचं. आणि चिनी भाषेत बापाला बाबाच म्हणतात. शिफू माझ्याकडं बोट दाखवून "बाबा" म्हणाला. आमच्या घरात अब्बा म्हणतात. बाबा म्हणतात ते शेजारच्या देशमुखांच्या घरात. तो शब्द वूहानच्या टॅक्सीत ऐकला आणि मी उगाचच त्याला मराठीत "हो, हो" म्हणालो.

उतरताना मीटरमधून पावती निघाली. ती घेतल्याशिवाय लेक खाली उतरेना. पावतीवर टॅक्सीचा नंबर असतो, काही विसरलं तर शोधता येतं, म्हणून ती कधी सोडायची नाही, असं तिनं मला बजावलं. एकतीस वर्षं मी लोकांना "तिकीट मागून घ्या, जपून ठेवा" सांगत आलो, आता माझी पोर मला तेच सांगत होती. मी ती पावती घडी करून पाकिटात ठेवली.

वूहान हे एक शहर नाही, तीन आहेत. वूछांग, हान्कौ आणि हानयांग. मधून यांगत्से नदी आणि तिला येऊन मिळणारी हान नदी. १९११ साली चीनमधली बादशाही उलथवणारा उठाव वूछांगमध्येच झाला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर गेले तेव्हा ते पथक हान्कौलाच आधी पोचलं होतं, नंतर येनानला गेलं. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला तिकडंच वारले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा सिनेमा मी लहानपणी गावात आलेल्या टूरिंग टॉकीजमध्ये पाहिला होता. हान्कौच्या रस्त्यावरून जाताना मनात आलं, त्या माणसाच्या बापानं सोलापूरच्या स्टेशनावर कोणाला सांगितलं असेल नीट उतरवा म्हणून?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसनं फिरू लागलो. मेट्रोही होती. यांगत्सेच्या खालून जाणारी दोन नंबरची लाइन २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली आहे. पण मेट्रोत बसलं की अंधारात बसल्यासारखं होतं, गाव दिसत नाही. मी म्हणालो, मला बस दाखव. तिथली बस अशी: पुढून चढायचं, मागून उतरायचं. ड्रायव्हरच्या बाजूला पैशाची पेटी. दोन युआन टाकायचे, म्हणजे तेव्हाचे वीस-एकवीस रुपये. पहिल्या थांब्यावर उतरा की शेवटच्या, दर तोच. सुटे नसतील तर मोडून मिळत नाही. बहुतेक लोक कार्ड किंवा मोबाईल मशीनपुढं धरतात, टुण्ण वाजतं, झालं. थांबा आला की बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज नाव सांगतो.

मी पेटीकडं बराच वेळ पाहत राहिलो. सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं, हाफ तिकिटासाठी पोराला मांडीवर दडवणारी आई, पास विसरलेला विद्यार्थी, लाइन चेकिंगची भीती, रात्री डेपोत हिशेब जुळेपर्यंत पोटात पडलेला गोळा, यातलं काहीच त्या पेटीला नव्हतं. माझी सगळी नोकरी एका पत्र्याच्या डब्यानं केली होती, आणि माझ्यापेक्षा बरी केली होती. तसं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "पेटीनं तुमची अर्धीच नोकरी केली, अब्बा." बाकीची अर्धी कुठली, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला वॉर्डात जायचं होतं. मी म्हणालो, मी एकटा यांगत्सेचा मोठा पूल पाहून येतो. १९५७ सालचा पूल, वरून मोटारी आणि खालून रेल्वे. तिनं आदल्या दिवशी मला त्याच बसनं नेऊन आणलं होतं. कागदावर चिनी अक्षरात वसतिगृहाचा पत्ता लिहून दिला. हा कागद तिथं गेलेल्या प्रत्येक भारतीयाच्या खिशात असतो, कारण इंग्रजीत लिहिलेला पत्ता टॅक्सीवाल्याला वाचता येत नाही आणि आपण उच्चारलेलं नाव त्याला कळत नाही. मी म्हणालो, कागद ठेवतो, पण लागणार नाही. कंडक्टर आहे मी. थांबे मोजून जाईन, थांबे मोजून येईन.

जाताना ठीक गेलो. पुलावर उभा राहिलो, खाली रेल्वे धडधडत गेली तसा पूल पायांत जाणवला. नदी इतकी रुंद की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. परत फिरलो, आपल्या नंबरची बस आली, चढलो, दोन युआन टाकले, थांबे मोजू लागलो. अकरावा थांबा आपला. अकरा झाले तरी ओळखीची फळांची गाडी दिसेना. बारा, तेरा. इमारती कमी होऊ लागल्या, बस रिकामी होत गेली. शेवटी एका मोकळ्या आवारात बस थांबली आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. आगार होतं. आगार ओळखायला भाषा लागत नाही. डिझेलचा वास आणि ओळीनं उभ्या गाड्या.

चूक तेव्हा लक्षात आली. आपल्याकडं वाहनं डाव्या बाजूनं चालतात, तिथं उजव्या. मी सवयीनं रस्त्याच्या डाव्या अंगाला उभा राहिलो होतो आणि उलट दिशेच्या गाडीत बसलो होतो. एकतीस वर्षांत किती प्रवाशांना मी रागावलो असेन, "अहो, पाटी बघून चढत जा ना." पाटी मीही पाहिली होती, नंबरही बरोबर होता. पण अक्षरं न येणाऱ्या माणसाला पाटी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

ड्रायव्हर साधारण माझ्याच वयाचा होता. मी कागद पुढं केला. त्यानं वाचला, माझ्याकडं पाहिलं, हातानं उलटी दिशा दाखवली आणि हसला. मग बोटांनी दहाची खूण केली. दहा मिनिटं. त्यांच्यात एका हाताच्या बोटांनी दहापर्यंत आकडे दाखवतात, त्यातले काही मला लेकीनं शिकवले होते. त्यानं आपल्या बरणीतला चहा झाकणात ओतून मला दिला. फिकट, बिनसाखरेचा. मी बिस्मिल्ला म्हणून प्यायलो. मी माझ्या छातीवर हात ठेवला, मग तिकीट फाडल्याची आणि घंटीची दोरी ओढल्याची नक्कल केली. त्याला आधी समजलं नाही. मी पुन्हा केली, तोंडानं टिंग-टिंग केलं. मग तो मोठ्यानं हसला आणि आत जाऊन आणखी दोन ड्रायव्हरांना घेऊन आला. त्यांच्यापुढं मला परत टिंग-टिंग करावं लागलं. त्यांच्यातल्या एकानं तशीच दोरी ओढून दाखवली. त्याच्या तरुणपणी त्यांच्या बसलाही कंडक्टर असावा.

गाडी निघाली तेव्हा मी पुन्हा दोन युआन पेटीत टाकले. तो नको नको म्हणत होता. पण विनातिकीट प्रवास मी जन्मात केला नाही. त्यानं मला अगदी पुढच्या सीटवर बसवलं. बरोबर माझ्या थांब्यावर रेकॉर्डची बाई बोलली, आणि ती बोलायच्या आधीच त्यानं मागं वळून मला हाक मारली. नाव ठाऊक नव्हतं म्हणून "इंदू" म्हणाला. त्यांच्या भाषेत भारताचं नाव. खाली फळांची गाडी होती आणि तिच्याशेजारी माझी लेक उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. दीड तास उशीर झाला होता. तिनं मला काही विचारलं नाही. ड्रायव्हरकडं पाहून चिनीत काहीतरी म्हणाली, तोही काही म्हणाला, आणि बस गेली.

जुम्याला आम्ही वूछांगमधल्या एका मशिदीत गेलो. टॅक्सीवाल्याला "छिंग-चन-स" म्हणायचं, म्हणजे तो मशिदीपाशी सोडतो. त्यातली पहिली दोन अक्षरं हलाल खानावळीच्या पाटीवरही असतात. लेकीनं ती अक्षरं मला चित्रासारखी शिकवली. नमाजेला हुई मुसलमान होते, पांढऱ्या टोप्या, चेहरे अगदी चिनी. खुतब्यातलं चिनी एक अक्षर कळलं नाही आणि अरबी सगळं कळलं. बाहेर खानावळवाल्यानं सलाम केला, उच्चार वेगळा होता, पण उत्तर मला येत होतं. हातानं ओढलेल्या शेवयांचा वाफाळता कटोरा समोर आला. लेक म्हणाली की परीक्षेच्या दिवसांत हा म्हातारा तिला मांस जास्त घालतो.

परतीच्या दिवशी तिची परीक्षा होती. मला विमानतळावर एकट्यानं जायचं होतं. पहाटे तिनं टॅक्सी थांबवली, बॅग ठेवली, मला मागं बसवलं. मग पुढच्या खिडकीशी वाकून शिफूशी बोलू लागली. बरंच बोलली. तो मान हलवत होता. त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द मला कळला. बाबा. तो तीनदा आला.

मी खिडकीतून विचारलं, "क्या बोली तू उसको?"

"कुछ नइ अब्बा. बोली, मेरे अब्बा अकेले हैं. ठीक से उतारना."

टॅक्सी हलली. ती दोन पावलं गाडीबरोबर चालली. असं चालणारे लोक मी आयुष्यभर आतून पाहिले होते, ती आमच्यापैकी कोणाकडं पाहतात हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं. शिफूनं मला बरोबर दारापाशी उतरवलं, बॅग काढून दिली आणि मी विसरलो होतो तरी पावती हातात ठेवली.

त्यानंतर सव्वा वर्षानं, २३ जानेवारी २०२० ला, सकाळी दहा वाजता वूहान बंद झालं. बस, मेट्रो, नावा, सगळं. आपल्याकडं साडेसात वाजले होते. आठ वाजता तिचा फोन आला. तिथल्या नववर्षाच्या सुट्टीत बरेच विद्यार्थी घरी आले होते, ती अभ्यासासाठी थांबली होती. म्हणाली, "खिडकीतून रस्ता दिसतोय, एकही बस नाही." मला आवाज ऐकू आला तो बसचा नव्हता, रुग्णवाहिकेचा होता. दोनच दिवसांनी तिथल्या सरकारनं सुमारे सहा हजार टॅक्स्या वस्त्या-वस्त्यांना वाटून दिल्या, औषधं आणि किराणा पोचवायला, बिनापैशानं. माझ्या पाकिटातल्या दोन पावत्या मी काढून पाहिल्या. त्यांवरचे आकडे फिके झाले होते. ते दोन शिफू आणि तो बसवाला, त्यांचं पुढं काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. दुआ मागताना त्यांची नावं घेता येत नाहीत, मी टॅक्सीचा नंबर घेतो.

३१ जानेवारीला भारतीय वकिलातीनं लावलेल्या बसनं तिला विमानतळावर नेलं. एअर इंडियाचं जम्बो विमान ३२४ जणांना घेऊन १ फेब्रुवारीच्या सकाळी दिल्लीला उतरलं. छावल्याच्या आयटीबीपी केंद्रात दोन आठवड्यांहून जास्त ठेवलं, तपासण्या झाल्या, सगळ्या निर्दोष निघाल्या, आणि ती सचखंड एक्सप्रेसनं परभणीला आली. मी आणायला गेलो.

परभणीच्या स्टँडबाहेर एक काळी-पिवळीवाला उभा होता. त्याला मी शाळेत जात होता तेव्हापासून ओळखतो. त्यानं आम्हाला येताना पाहिलं आणि अर्धी रिकामी गाडी घेऊन निघून गेला. आम्ही वसमतच्या एस.टी.त बसलो. कोणीतरी ओळखलं. "चीनहून आलीय ती," असं मागून ऐकू आलं. दोघं-तिघं उठून पुढं गेले. एकजण कंडक्टरला म्हणाला, यांना उतरवा, नाहीतर आम्ही उतरतो. लेकीनं पिशवीतून दिल्लीचा कागद काढला. तिचा हात थरथरत होता. वूहानमध्ये दहा दिवस कोंडलेली असतानाही तिचा आवाज थरथरला नव्हता.

कंडक्टर तरुण होता, माझ्यानंतर लागलेला, माझी ओळखसुद्धा नव्हती. त्यानं कागद घेतला नाही. "हट्टा दोन ना?" एवढंच विचारलं, मशीनमधून तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि दोन घंट्या दिल्या. गाडी निघाली. कोणी उतरलं नाही.

महिन्याभरानं देशच बंद झाला. त्यानंतर दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि आमच्या घराकडं पाहायला लोकांना दोन कारणं मिळाली. आधी चीनची म्हणून, आता मुसलमान म्हणून. भाजीवाला आमच्या दारावरून गाडा न थांबवता जायचा. पुढं २१ ऑगस्ट २०२० ला औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. तो निकाल मी वर्तमानपत्रातून कापून ठेवला आहे. भाजीवाला त्याआधीच परत येऊ लागला होता, कारण त्याच्या पोराला ताप आला होता आणि रात्री अकराला तो आमच्याच दारात आला होता. लेकीनं त्याला तपासलं नाही, तिला तो अधिकार नव्हता. पण पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवायच्या ते सांगितलं आणि गाडी करून वसमतच्या दवाखान्यात पाठवलं.

चीननं मार्च २०२० मध्ये परदेशी लोकांना दार बंद केलं, ते विद्यार्थ्यांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये उघडलं. तिची पुढची वर्षं हट्ट्याच्या गच्चीवर, मोबाईलची रेंज शोधत गेली. डिग्री मिळाली, पण पेशंटला हात न लावता मिळालेली डिग्री काय कामाची, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, आधी तिनं स्वतःला विचारला होता. २८ जुलै २०२२ ला वैद्यकीय आयोगानं नियम केला: ज्यांची डिग्री ३० जूनपर्यंत पूर्ण झाली त्यांना परीक्षेला बसता येईल, पण इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं. अनेक पालक चिडले. मला दोन वर्षं बरोबर वाटली. मी स्वतः थांबे मोजून चुकलेला माणूस आहे. हातानं शिकायची गोष्ट हातानंच शिकावी लागते. परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. दोन वर्षांची इंटर्नशिप पूर्ण केली. आता एका सरकारी दवाखान्यात काम करते.

मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला ठरलं. तिला ड्यूटी होती, ती नंतर येणार होती. हट्ट्याच्या स्टँडवर मला सोडायला आली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पासष्ट ओलांडल्यामुळं मलाही. एकेकाळी हाफ तिकिटासाठी लोकांशी वाद घालणाऱ्याच्या घरात आता बापलेक दोघंही हाफ आहेत, असं मी तिला म्हणालो. तिचं लक्ष नव्हतं. गाडी आली तशी ती माझ्याआधी चढली आणि कंडक्टरशी बोलू लागली. कंडक्टर मुलगी होती, पंचविशीची.

"ताई, माझे अब्बा आहेत. डोळ्यांना नीट दिसत नाही. नांदेडला माझा भाऊ उभा राहील. नीट उतरवा."

मला थोडा रागच आला. याच रस्त्यावर मी एकतीस वर्षं घंटी वाजवली आहे. मी तसं म्हणणार होतो, पण त्या मुलीनं आपल्या सीटशेजारची पिशवी उचलून मला जागा केली होती. मी गुपचूप बसलो आणि तिकीट जपून ठेवलं.